शेरभर कोंड्याचं लेकरू

कोंडबा पाच दिवसांचा होता तेव्हा आम्ही त्याला विकला. शेरभर कोंड्याला. घेणारी भिकाबाई, शेजारच्या तांड्यावरची, आमच्या गावची सरकारी दाई. पाचवीची पूजा झाली तशी सासूबाईंनी त्याला सुपात घातलं, सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "हे लेकरू कोणाला पायजे का? आमाला नको झालंय!"

भिकाबाई वाटेनं सहज चालल्यासारखी आली. ओढणीच्या टोकात बांधून आणलेला कोंडा सासूबाईंच्या पदरात ओतून म्हणाली, "मला द्या. मी घेते." सूप उचलून तिनं आमच्या घराला एक फेरी घातली आणि मागच्या दारानं आत येऊन ते माझ्या पुढ्यात ठेवलं.

"पोरी, माझं लेकरू हाय हे. दूध पाज, सांभाळ. मी येत जाईन बघायला."

आमच्याकडं ज्या बाईचं पहिलं लेकरू गेलं तिनं दुसऱ्याला आपलं म्हणायचं नसतं. दुसऱ्याचं म्हणून वाढवायचं. जे काही टपून बसलेलं असतं त्याला वाटलं पाहिजे की हे हिचं नव्हेच. पाच वर्षं पुरी झाली की परत मागून घ्यायचं. तोवर तोंडातून 'माझं' असा शब्द गेला की विक्री मोडली. म्हणून त्याचं नाव कोंडबा. त्याला बोलता येऊ लागलं तेव्हा मला तो 'वयनी' म्हणायला शिकला, माझा दीर म्हणतो तसं. भिकाबाईला 'याडी' म्हणायचा. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई.

मी वसमतला चौथीपर्यंत शिकले आहे. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, म्हणून मीही इथं तसंच लिहिते. या सुपाच्या विक्रीवर माझा विश्वास होता का, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. माझी पहिली मुलगी सात दिवस नीट होती. आठव्या दिवशी सकाळी तिनं स्तन तोंडात घेतला आणि तिला तोंड मिटता येईना, मग उघडता येईना. जिवनबाई म्हणून गावची जुनी सुईण, तिनं नाळ विळ्यानं कापली होती आणि वर चुलीतली राख दाबली होती. सगळ्यांच्याच दाबायची. संध्याकाळपर्यंत मुलगी लाकडासारखी ताठ झाली. तिच्या ओठावर दुधाचा एक थेंब होता, तो पुसायचं मला धाडस झालं नाही. ज्याला एकदा असा थेंब दिसला त्याला कोणी सूप आण म्हटलं तर तो सूप आणतो, दुसरं काही विचारत नाही.

कोंडबा मात्र जगला. सुपामुळं जगला की भिकाबाईच्या कात्रीमुळं, ते देवाला माहीत.

कात्री सरकारची होती. निजाम सरकारात एक देहात-सुधार महकमा निघाला होता, म्हणजे खेडी सुधारायचं खातं. त्यानं काही गावांतल्या बायकांना परभणीच्या दवाखान्यात तीन महिने ठेवून शिकवलं आणि दाई म्हणून नेमलं. आमच्या गावातून कोणी जाईना. भिकाबाई विधवा, पोटच्या दोघी पोरी नांदायला गेलेल्या, ती गेली. परत आली ती एक पत्र्याची पेटी घेऊन. आत कात्री, साबण, उकळून ठेवलेला दोरा, चिंध्यांच्या घड्या, एनॅमलचं भगोणं आणि तांबड्या औषधाची बाटली. महिना आठ रुपये हाली, म्हणजे निजामी नाण्यातले. पहिल्या वर्षी तिला कोणी उंबऱ्याआत घेतलं नाही. मग आमच्या सासूबाईंनीच घेतलं, कारण त्यांनी माझ्या मुलीला पुरलं होतं. नंतर सगळ्यांनी घेतलं. त्यानंतर तिच्या हातचं एकही लेकरू आठव्या दिवशी गेलं नाही.

तिला लिहिता येत नव्हतं. महकम्याचं रजिस्टर मी लिहायची. बाळंतिणीचं नाव, तारीख, मुलगा की मुलगी. त्यात पहिलीच नोंद माझी होती. "मास्तरांच्या घरी, मुलगा, दाई भिकाबाई." लिहिताना हात थांबला होता. पण सटवाई स्वतः लिहिते, दुसऱ्याचं लिहिलेलं ती वाचत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. तोंडानं म्हणायचं नाही, एवढंच तर होतं.

सत्तेचाळीस साली हैदराबादेत नवी असेंब्ली बसली. शिमग्याच्या आसपास मास्तरांनी उर्दू अखबारातून वाचून दाखवलं की एका वकील मेंबरानं असेंब्लीत सवाल केला आहे. देहात-सुधार महकमा वर्षाला जो खर्च करतो त्यातला किती दफ्तरावर जातो आणि किती खेड्यात पोचतो? जबाब आला होता तो असा की रुपयातले चौदा आणे दफ्तरावर जातात. त्यात नाजिमसाहेब, त्यांचे नायब, मुन्तजिम, अहलकार, चपराशी, दौऱ्याचे तंबू-डेरे आणि एक मोटार. उरलेल्या दोन आण्यांत राज्यातल्या सगळ्या दाया.

"म्हंजी आपली भिकाबाई दोन आण्यांत," सासरे म्हणाले.

"त्या दोन आण्यांतला एखादा दाणा," मास्तर म्हणाले.

महकम्यानं आणखी एक सांगितलं होतं. दाया अडाणी असतात, लबाड असतात, त्यांच्यावर देखरेख ठेवावी लागते, म्हणून दफ्तर मोठं. वकील मेंबर म्हणाला, मग आम्ही डोळ्यांनी बघतो. असेंब्लीनं तिघांची कमिटी नेमली. कमिटीनं बघायला दोन गावं निवडली, त्यात आमचं एक, कारण आखाडा बाळापूरच्या सडकेवरून आमच्यापर्यंत मोटार येते.

दोन वर्षांत महकम्याचं माणूस गावात फिरकलं नव्हतं. आता कमिटी यायच्या आधी आठ दिवस चार गाड्या आल्या. डेरे आले, सतरंज्या आल्या, कळमनुरीहून खुर्च्या आल्या, बर्फ आणायला एक माणूस नांदेडला गेला. चावडीच्या भिंतीला चुना लागला. सासरे पारावर बसून बघत होते. "खर्च बघायला येणारायंत," ते म्हणाले, "त्यांच्यापायी झालेला खर्च बघायला कोण येणार?" पारावरचे हसले. डेरे ठोकणारे पण हसले.

महकम्याचे अहलकार, म्हणजे कारकून, व्यंकटराव आमच्याच घरी उतरले. ते वसमतचे, माझ्या वडिलांना ओळखणारे. रजिस्टर मागवून त्यांनी पान न् पान पाहिलं. "अक्षर सुरेख हाय निर्मलाबाई. आमच्या दफ्तरात असं एकाचं न्हाई." कोंडबा रांगत त्यांच्या पायाशी गेला. गळ्यात काळा दोरा, कपाळभर काजळाचं बोट. त्यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं.

"नाव काय रे तुझं?"

"कोंडबा," सासूबाई आतून म्हणाल्या.

"असं व्हय? कितीला गेला?"

"शेरभराला."

"स्वस्तात गेला की," असं म्हणून त्यांनी त्याच्या गालाला हात लावला. मग चहाची बशी तोंडाला लावत मास्तरांना म्हणाले, "मास्तर, आमची मोठी गंमत झालीय बघा. कमिटी म्हणाली दाया बराबर काम करून राहिल्या, तर पुढं विचारणार, मग तुमी काहून पायजेत? दोन वर्सं तुमी गेला न्हाई तरी अडलं काय?" ते हसले. मास्तर हसले. मी चहाची किटली घेऊन उभी होते, मीही हसले. गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट कोणी खरी समजून ऐकत नाही.

आदल्या दिवशी दुपारी भिकाबाई आली. तिनं घागरा धुऊन वाळवला होता, ओढणीच्या आरशांना चिंचेनं घासलं होतं.

"मला खुर्ची देतीन का गं?"

"सतरंजीवर बसवतील."

"सतरंजी तर सतरंजी. पोरी, तू बोलशील ना माझ्यासाठी? मला साबापुढं धड बोलणं येत न्हाई. तांबडं औषध सहा महिन्यांपासून न्हाई म्हनावं. कात्रीची धार गेलीय. आन् पगार चार महिने तटलाय, ते शेवटी सांग, पैशाचं आधी बोलू नको, बरं दिसत न्हाई."

"मी सगळं सांगते," मी म्हणाले. "तू काळजी करू नको."

हे मी म्हणाले होते, ते मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटार आली. तिघांपैकी एक म्हातारे जहागीरदार होते, ते सगळा वेळ रुमालानं मान पुसत होते. दुसरे हैदराबादचे कोणी व्यापारी. तिसरा तो वकील, सडपातळ, चष्म्याचा, तिशीचा असेल. महकम्याच्या बंदोबस्त बघणाऱ्या मुन्तजिमांनी बर्फाचं सरबत पुढं केलं तर त्यानं ते नाकारलं, घरून आणलेल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्याला. मला तो तेव्हाच आवडला. अजूनही वाटतं, माणूस सच्चा होता. पण त्याला मराठी येत नव्हतं. तो उर्दूत विचारायचा आणि तर्जुमा व्यंकटराव करायचे.

त्यानं रजिस्टर उर्दूसारखं शेवटून उघडलं आणि मागून पुढं एकेक नाव पुकारायला लावलं. ज्या बाईचं नाव तिनं पुढं यायचं, भिकाबाईनं तिची किती बाळंतपणं केली ते सांगायचं. सरळ हिशेब होता. कागदावर एकतीस आणि बायकांच्या तोंडून एकतीस, म्हणजे दाई खरी.

पहिली सुमनबाई, आमच्या शेजारची. तिला पाच लेकरं, त्यातली शेवटची दोन भिकाबाईच्या हातची.

"लेकरं किती?"

सुमनबाईनं पदर पुढं ओढला. "हायेत एखाद-दुसरं."

तिच्या मागं चौघं जण तिचा पदर धरून उभी होती. पाचवं कडेवर. मागच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. वकील हसला नाही.

"एक की दोन?"

"एकच लिवा साब."

कोण आई परक्या माणसापुढं, भर दुपारी, आपली जिवंत लेकरं मोजून दाखवेल? दुसरीनं सांगितलं, एक होतं, आजारीच असतं. तिसरी म्हणाली, पोरगं माझ्या भनीचं हाय. वकील प्रत्येकीपुढं पेन्सिलीनं खूण करत गेला. तीस नावं झाली तेव्हा त्याच्या कागदावर तेरा खुणा होत्या. त्याचं तोंड हळूहळू बदलत गेलेलं मी पाहिलं. आधी तो महकम्याच्या लोकांकडं रागानं बघत होता, आता रजिस्टराकडं बघू लागला.

मग त्यानं भिकाबाईला विचारलं, "तूच सांग. किती केलीस?"

भिकाबाईला एकेक लेकरू नावानिशी ठाऊक होतं. ती म्हणाली, "असतीन साब, धा-बारा."

तिनंही मोजली नाहीत. दुसऱ्यांची होती म्हणून तर मुळीच नाही.

एकतिसावं, म्हणजे वहीतलं पहिलं, नाव माझं. मी उठले. कोंडबा कडेवर होता, माझ्या गळ्यातले मणी ओढत होता. सोळा महिन्यांचा.

"हे अक्षर कोणाचं?" व्यंकटरावांनी तर्जुमा केला.

"माझं."

"इथं लिहिलंय, तुम्हाला मागच्याच्या मागच्या दिवाळीत मुलगा झाला. तो कुठं आहे?"

मी व्यंकटरावांकडं पाहिलं. त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, या लोकांत असा रिवाज आहे. एवढंच. परवा हेच कोंडबाला मांडीवर घेऊन बसले होते. ते आपल्या बोटांची नखं बघत होते.

"हे कडेवरचं लेकरू कोणाचं?"

सासूबाईंनी मागून माझा पदर घट्ट धरला. मला भिकाबाई दिसत होती, सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसलेली, पेटी पुढ्यात. 'माझं' म्हणायला किती वेळ लागतो? आणि मला तो थेंब दिसला. सोळा महिन्यांच्या पोराला काय होतंय, असं मी स्वतःला म्हणून पाहिलं. मग कोंडबानं माझ्या मानेत तोंड खुपसलं, कोवळ्या कणसाचा असतो तसा त्याच्या केसांना वास येतो, आणि मी म्हणाले,

"भिकाबाईचं."

वकिलानं व्यंकटरावांना काही विचारलं. ते म्हणाले, "साहेब विचारतात, दाईचं वय काय?"

बायका पुन्हा हसल्या. भिकाबाई पंचावन्नची तरी असेल. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगेल. हिला काही कोणी मना केलेलं नाही. सांगितलं तर विक्री तिच्या तोंडून मोडेल, माझ्या नव्हे. देवा, मी असं खरंच मनात म्हणाले.

ती उठून उभी राहिली. "व्हय साब. लेकरू माझं हाय."

"तुझ्या पोटचं?"

"न्हाई. इकत घेतलंय."

"किती रुपयांना?"

"शेरभर कोंड्याला."

व्यंकटरावांनी तर्जुमा केला. मास्तर शेजारी उभे होते, त्यांना उर्दू येतं, ते नंतर म्हणाले की एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. 'बच्चा ख़रीदा है, सेर भर भूसे में.' म्हातारे जहागीरदार 'तौबा' म्हणाले. बायका हसत होत्या कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. कमिटीला वाटलं त्या लाजून हसत आहेत. वकिलानं पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, मग पुष्कळ वेळ लिहीत राहिला.

मी अजून उभीच होते. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "साहेब, तांबडं औषध सहा महिने नाही."

"ते साहेबांनी विचारलं न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "बसा तुमी."

मोटार गेल्यावर मास्तरांनी त्यांना डेऱ्यापाशी गाठलं. मास्तरांचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. "तुम्हाला माहीत होतं!"

"मास्तर," व्यंकटराव शांतपणे म्हणाले, "मला तर्जुम्याला आणलं होतं. साक्ष द्यायला न्हाई." आणि सतरंज्या मोजून घ्यायला निघून गेले.

पंधरा दिवसांत पेटी गेली. चपराशानं यादी आणली होती, आमच्या ओसरीवर बसून त्यानं एकेक जिन्नस काढला. कात्री एक. भगोणं एक. साबणाची वडी अर्धी. "उरलेली अर्धी कुठं?" त्यानं विचारलं. "लेकरांच्या अंगाला," भिकाबाई म्हणाली. त्यानं ते लिहिलं नाही. तिनं यादीवर अंगठा उठवला. पाटलानं चावडीवर हुकूम वाचून दाखवला की भिकाबाईवर लेकरं विकत घेतल्याचा शक आहे, तपास होईपर्यंत तिनं कोणाच्या बाळंतपणाला जाऊ नये आणि कोणी नेऊ नये. तपास करायला कोणी आलं नाही. चार महिन्यांचा थकलेला पगार पण आला नाही.

मी तिच्या तोंडाकडं बघू शकत नव्हते. तीच येऊन बसली, कोंडबाला मांडीवर घेतलं.

"काहून तोंड लपवतीस? तू बराबर बोललीस."

"तू तर सांगू शकत होतीस, भिकाबाई."

"आन् याला काय झालं असतं म्हंजी? मी घेतला ना त्याला? मग माझ्या तोंडून कसं जाईल?" तिनं त्याच्या तळपायाला फुंकर घातली, तो खदखदून हसला. "आठ रुपये व्हते तवा व्हते. न्हाईत तर न्हाईत. तांड्यावर मोळ्या इकून खाल्लंच की इतकी वर्सं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला झोप आली असती.

मी कमिटीला पत्र लिहायला घेतलं. दुपारी सगळे शेतात असताना, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून, हलवत हलवत लिहायची. रिवाज कसा असतो ते सगळं लिहिलं. बायका लेकरं का मोजत नाहीत ते लिहिलं. एकतीसही लेकरांची नावं लिहिली. 'ही पहिली नोंद, हा मुलगा' इथपर्यंत आलं की पाळण्यात तो कुशीवर वळायचा, किंवा खोकायचा, किंवा काहीच करायचा नाही आणि मी उठून त्याच्या नाकाशी हात धरायची. चार वेळा लिहिलं. चारही वेळा चुलीत घातलं. पाच वर्षं व्हायला अजून किती दिवस राहिले ते बोटांवर मोजायची.

भाद्रपदात माझी जाऊ आशाबाई बाळंत झाली. मी सासूबाईंना म्हणाले, भिकाबाईला बोलवा, मी पाणी उकळते, घरातली कात्री उकळते. सासूबाईंनाही तेच वाटत होतं. सासरे म्हणाले, पाटलानं हुकूम वाचलाय, उद्या चपराशी दारात उभा राहील, पोरगं शाळेत नोकर हाय. मास्तरांनी मान खाली घातली. मी हट्ट धरला नाही. मी कोणत्या तोंडानं धरणार होते? जिवनबाई आली. विळा घेऊन आली. मी विळा तरी उकळून द्या म्हणाले तर ती म्हणाली, "माझ्या हातानं तुझा नवरा जल्मला, तवा कोन उकळत व्हतं?"

मुलगा झाला. गोरा, नाकेला. आशाबाई हसत होती.

आठव्या दिवशी तिनं मला हाक मारली. "वयनी, हे दूध ओढंना बघा. झोप आली आसंल का त्याला?"

मी त्याच्या हनुवटीला हात लावला आणि मला कळलं. तिला मी सांगितलं, हो, झोप आली असेल.

दसऱ्याच्या आधी कमिटीची रिपोर्ट असेंब्लीत मांडली गेली. मास्तरांनी अखबार आणला, मला वाचून दाखवायला तयार होत नव्हते. मी हातातून ओढून घेतला, पण उर्दू मला कुठं येतं. मग त्यांनी वाचलं. दफ्तराच्या खर्चाच्या पावत्या तपासल्या, सगळ्या बरोबर निघाल्या. डेरे, मोटार, भत्ते, सगळ्यांवर सही-शिक्का होता. खोट निघाली ती दायांच्या रजिस्टरात. एकतीस नोंदींपैकी तेराच खऱ्या ठरल्या आणि एका दाईनं तर मूल विकत घेतल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. त्यावरून दिसतं की देखरेख फारच अपुरी आहे. म्हणून या तालुक्यातल्या दाया कमी कराव्यात आणि वाचलेल्या रकमेतून एक इन्स्पेक्टर नेमावा.

"वकिलानं काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"त्यानंच लिहिलंय हे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, मला कळमनुरीला न्या. ते म्हणाले, आता काय उपयोग, रिपोर्ट छापून झाली. शिवाय तेव्हा वाटा धड राहिल्या नव्हत्या, गावोगाव पलटणी फिरत होत्या, बाईमाणसानं घराबाहेर पडू नये असे दिवस. मी म्हणाले, न्या. सासूबाईंना सांगितलं, लेकराला देवीच्या पायावर घालून आणते. पहाटे गाडी जुंपली. बाजाराचा दिवस होता म्हणून वाटेला गर्दी होती, तेवढीच सोबत.

महकम्याची कचेरी तहसिलीच्या मागं. इन्स्पेक्टरच्या खोलीत नवं टेबल, नव्या वार्निशाचा वास. टेबलामागं व्यंकटराव बसले होते. उठून उभे राहिले. "या, या निर्मलाबाई. मास्तर, बसा. अरे, चहा सांग."

मी बसले नाही. कोंडबाला खाली उभं केलं. तो नुकता धावायला शिकला होता, त्यानं टेबलाचा पाय धरला. दारात दोन चपराशी, बाकावर अर्ज घेऊन बसलेले सात-आठ जण. मला सगळ्यांना ऐकू जायला पाहिजे होतं. आशाबाईनं झोप आली आसंल का असं विचारलं होतं, ते आठवलं आणि मी बोलले.

"हा मुलगा माझा आहे. माझ्या पोटचा. भिकाबाईनं माझं बाळंतपण केलं, तिनं त्याला विकत घेतला नाही. रजिस्टरात लिहिलंय ते खरं आहे, एकतीस खरी आहेत. मी त्या दिवशी खोटं बोलले. हे लिहून घ्या."

मास्तर माझ्याकडं बघतच राहिले, दोन वर्षांत त्यांनीही तो शब्द उच्चारला नव्हता.

"मला ठाऊक हाय की," व्यंकटराव म्हणाले. "मी तर तवाच वळखलं होतं."

"मग लिहा."

"कशात लिवू? ते रजिस्टर बंद झालं. नवं निघालंय, पण त्यात दाया न्हाईत, दौरेच लिवायचे अस्तेत." ते खरोखर अडचणीत पडल्यासारखे दिसत होते. मग टेबलाला वळसा घालून आले, कोंडबापुढं वाकले, त्याच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. त्यांचं तोंड उतरलं होतं. "पण निर्मलाबाई, तुमी असं तोंडानं म्हनायला नव्हतं पायजे. अजून पाच वर्सं कुठं झाली? माझ्या भनीनं असंच केलं व्हतं."

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

व्यंकटरावांनी कोंडबाच्या गळ्यातला काळा दोरा सरळ केला. चपराशी चहा घेऊन आला. आम्ही तो घेतला नाही.

गाडीत बसल्यावर मी कोंडबाला छातीशी धरलं. आता त्याला काहीही म्हणायला मी मोकळी होते, पण मला काही म्हणता येईना. त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. मास्तरांनी बैलांना हाक दिली. कोसभर गेल्यावर मी पुन्हा हात लावला.